जनुकांच्या प्रती कशा मोजतात?

मित्रहो, माझे गाव दिघोरी, जिल्हा भंडारा. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच लोकांना ठाऊक आहे. पण सगळ्याच रुग्णांना सारखा त्रास होत नाही. याचे एक कारण जनुकांच्या संख्येत आहे. अल्फा ग्लोबिन जनुकाच्या साधारणपणे ४ प्रती असतात. काहींत ३ किंवा २ च. अशा सिकलसेल रुग्णांत तांबड्या पेशी कमी फुटतात.

मग या प्रती मोजायच्या कशा? रिअल टाइम पीसीआरमध्ये दर फेरीला डीएनए दुप्पट होतो. प्रती जास्त, तर सिग्नल लवकर. २ आणि ४ प्रतींत १ फेरीचा फरक पडतो, ३ आणि ४ मध्ये मात्र जेमतेम ०.४२ फेरीचा! पिपेट जरा इकडेतिकडे झाली की उत्तर चुकलेच. म्हणून २ प्रती नक्की असलेल्या संदर्भ जनुकाशी तुलना करतात आणि प्रत्येक नमुना तीनदा लावतात.

रोगप्रतिकारक जनुकांत प्रती आणखी जास्त असू शकतात, म्हणून काम आणखी अवघड. सीसीएल३एल१ च्या प्रती कमी असल्यास एचआयव्हीचा धोका वाढतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये इतर गटांना तसे आढळले नाही. त्यांनी मोजणीच्या पद्धतीवरच बोट ठेवले. आता डिजिटल पीसीआरमध्ये नमुना सुमारे २०,००० थेंबांत वाटून किती थेंब उजळले ते मोजतात.

तेव्हा मित्रांनो, आपण शिकतो ते एररचे गणित फक्त जर्नल भरण्यापुरते नाही, बरं का!