इंजिनाला नवरी करू नका!
(मॉडेल लोकोमोटिव्हचा रंग कसा जोखावा, कसा सुधारावा)

सुरुवातीलाच कबुली देते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे व्याकरणाचे मार्क कापायचे तर खुशाल कापा. पण खाली जे लिहिलंय ते मी हात काळे करून शिकलेय, तेवढं मात्र नीट वाचा. कारण पुढच्या प्रदर्शनात तुमच्यापैकी कुणीतरी मॉडेल रंगवणार, आणि कुणीतरी त्याला मार्क देणार.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. वर्कशॉपमधल्या मामांकडे वाफेच्या इंजिनाचं एक मॉडेल होतं. डब्ल्यूजी क्लास, 1:32 प्रमाण, लांबी जवळपास पाऊण मीटर. सगळं तेलाच्या डब्यांच्या पत्र्यातून हाताने बनवलेलं. रिव्हेट म्हणजे बोथट खिळ्याने पत्र्याच्या मागून एकेक ठोकून काढलेले फुगवटे! मामांचे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. कॅबवरचा नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला. मामा यंदा रिटायर होणार, म्हणून आम्ही म्हटलं, मॉडेल प्रदर्शनात ठेवू. पण ते दिसत होतं मळकट. मी म्हटलं, "मामा, द्या माझ्याकडे, चकाचक करते."

केलं चकाचक. प्रायमर, लांबी, पॉलिश पेपर, वर ड्युकोचे तीन हात, चाकांना पांढरी कड, आणि नंबर व्हाइनलमध्ये कापून एकदम सुबक चिकटवला. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. मामांनी इंजिन दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, नवरीसारखं नटवलंत हो. पण ह्याच्यावर कोण चढत व्हतं, ते आता दिसंना."

ते बक्षीस माझ्या कपाटात आहे. हा लेख त्या वाक्यावरचा आहे.

आधी थोडं इंजिनाबद्दल

आपल्या खिडकीतून जो बोरघाट दिसतो त्यातून 1863 साली रेल्वे वर आली. पण कल्याण-पुणे मार्गावर 1929 मध्येच वीज आली आणि 1930 ची डेक्कन क्वीन सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. डब्ल्यूजी हे मालगाडीचं इंजिन 1950 मध्ये आलं. चित्तरंजनच्या कारखान्यातलं पहिलं इंजिन हेच, आणि 1970 मध्ये तिथून निघालेलं शेवटचं डब्ल्यूजी, 'अंतिम सितारा', हे भारतीय रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन. त्यामुळे कुणी खंडाळ्याच्या घाटात तारांखालून डब्ल्यूजी मालगाडी ओढतंय असा देखावा मांडला, तर परीक्षकाने एक प्रश्न जरूर विचारावा. त्याची खरी जागा पुण्याच्या पुढे, दौंड-सोलापूरकडे.

माझी चूक, आकड्यांत

मशीन ड्रॉइंगमध्ये आपण सगळ्यांनी पाठ केलंय, स्नॅप हेड रिव्हेटची उंची 0.7d. रिव्हेट 22 मिमीचा धरला तर डोकं साधारण 15 मिमी उंच. 1:32 मध्ये ते झालं अर्धा मिमीच्याही आत. आता माझ्या रंगाचे सगळे थर मिळून 0.25 मिमी धरा. खऱ्या इंजिनावर हा थर किती जाड होईल? 0.25 × 32 = 8 मिमी! खऱ्या इंजिनावर कुणी 8 मिमी रंग थापतं का? शिवाय ओला रंग डोक्यावरून घरंगळतो आणि रिव्हेटच्या भोवतीच्या खाचेत साचतो. वरून मी पॉलिश पेपर मारून डोकी सपाट केली. म्हणजे वरून कापलं, खालून बुजवलं. मामांच्या कित्येक संध्याकाळी मी दोन दिवसांत गुळगुळीत केल्या.

एचओ म्हणजे 1:87 मध्ये प्रकरण आणखी नाजूक. तिथे एकच 40 मायक्रॉनचा थर साडेतीन मिमीचा होतो. ह्या प्रमाणातलं रेल्वेजग पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासून. सबमिशन संपल्यावर लोकलने जाऊन या.

मग मार्क कसे द्यावेत?

आम्ही काही जणांनी पुढच्या प्रदर्शनासाठी 100 मार्कांचा तक्ता केलाय.

1. प्रमाण (25 मार्क): स्केल घेऊन मोजा. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी साडेपाच फूट, म्हणजे 1676 मिमी. 1:32 मध्ये ती 52.4 मिमी यायला हवी. डब्ल्यूजीचं मोठं चाक 1562 मिमीचं, मॉडेलमध्ये सुमारे 49 मिमी. एचओचे तयार रूळ 16.5 मिमीचे असतात. त्याला 87 ने गुणा, 1435 येतात. ते परदेशी स्टँडर्ड गेज झालं, आपलं ब्रॉडगेज 19.3 मिमी हवं. तयार रूळ वापरले म्हणून मार्क कापू नका, पण करणाऱ्याला हे माहीत आहे का ते विचारा.

2. तपशील (25): चाकं पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन आहेत का? हँडरेल बॉयलरपासून सुटी उभी आहे की चिकटवलेली? तिची जाडी बघा. खरा दांडा 32 मिमीचा धरला तर 1:32 मध्ये बरोबर 1 मिमीची तार. पायऱ्या, शिडी, कपलिंग, पाइप हे सगळं कुठून निघून कुठे जातं? हवेत संपणारा पाइप म्हणजे थेट मार्क कापा.

3. रंगाचा थर (20): खोलीतली ट्यूब बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, आडवा धरा. रिव्हेटची सावली पडली पाहिजे. ओघळ, धूळ, ब्रशचे केस लगेच दिसतात. नंतर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. डोळा माफ करतो, फोटो करत नाही.

4. छटा आणि चमक (10): बाटलीतला शुद्ध काळा मॉडेलवर खोटा दिसतो. खरं इंजिन आपण लांबून, धुळीतून आणि उजेडात बघतो, तेव्हा काळा करडाच दिसतो. म्हणून काळ्यात थोडा करडा मिसळावा. पूर्ण चकाकी टाळावी.

5. वापराच्या खुणा (15): हा माझा आवडता भाग, खाली सविस्तर.

6. अक्षरं आणि आकडे (5): सरळ, योग्य मापाचे, योग्य जागी.

प्रत्येक डागाला कारण हवं

आपल्याकडे 'जुनं दाखवायचं' म्हटलं की सगळीकडे तपकिरी फवारा. चूक! डाग हा इंजिनाच्या कामाचा जर्नल आहे, आणि जर्नल कॉपी केलं की व्हायव्हात पकडलं जातं. स्मोकबॉक्सला आतून उष्णता लागते, त्यावरचं आवरण बॉयलरसारखं नसतं, म्हणून तिथला रंग जळून निस्तेज, करडा होतो. बॉयलरचा पत्रा पुसला जातो, तो थोडा तुकतुकीत. सेफ्टी व्हॉल्व्हच्या आणि धुण्याच्या प्लगांच्या खाली पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ. चाकांच्या आसपास तेल आणि ब्रेकची तपकिरी भुकटी. कनेक्टिंग रॉड मात्र तेलकट आणि उजळ. चाकाचा जो भाग रुळावर फिरतो तो लखलखीत, त्यावर रंग असूच शकत नाही. टेंडरवर कोळशाची पूड. आणि कॅबच्या दाराशी, जिथे रोज तळहात पडतो तिथे दांडा घासून चमकतो. पायरी मधोमध झिजते.

मामांच्या मॉडेलवर नेमकं हेच होतं. मी ज्याला मळ समजून घासून काढलं ते फायरमन चढायच्या जागेचं घासलेपण होतं.

संदर्भ शोधताना दोन सापळे सांभाळा. चौथऱ्यावर ठेवलेली जुनी इंजिनं, उदाहरणार्थ नेरळचं माथेरानवालं, पाइप आणि पायऱ्या मोजायला उत्तम. पण शोभेच्या इंजिनांना दर काही वर्षांनी हाताशी असेल तो ऑइलपेंट बसतो, तेव्हा रंगाचा पुरावा म्हणून त्यांना धरू नका. दुसरा सापळा जुन्या कृष्णधवल फोटोंचा. त्या काळातल्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसत नसे, तो काळा उमटे. फोटोत काळी दिसणारी बफरची पट्टी प्रत्यक्षात लाल असू शकते.

सुधारायचं कसं

सगळ्यात आधी, काहीही करण्यापूर्वी, चारही बाजूंनी फोटो काढा. मी काढले नाहीत. म्हणून त्या नंबराची आज माझ्याकडे एकही खूण नाही. थिनरने माझा रंग उतरवला तेव्हा खालची अक्षरंही बोळ्याबरोबर निघून आली. हे कुठल्याही रिवर्कने परत येत नाही.

मग रंग हळूहळू, कापसाचा बोळा आणि मऊ ब्रश वापरून काढा. साबणाच्या पाण्याने धुवा, नंतर बोटं लावू नका, तेल बसतं. पत्र्याला एचिंग प्रायमर, तोही पातळ. लांबी फक्त सांध्यात. रंग दुधाइतका पातळ करा, छोट्या स्प्रेगनने 15 ते 20 पीएसआयवर, दोन-तीन हलके हात. शेवटी मॅट लॅकर आणि मग खुणा.

आणि लोणावळ्याचा पाऊस! इथे जुलैत टॉवेल आठवडाभर वाळत नाही, तिथे ड्युको काय वाळणार. थिनर भराभर उडतो, पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्या रंगावर दुधाळ साय येते. माझ्या पहिल्या हाताला तेच झालं आणि ती लपवायला मी जाड थर चढवले. खरा उपाय म्हणजे थांबणं. तेवढा वेळ नसेल तर हळू उडणारा थिनर, आणि बंद कपाटात 40 वॅटचा पिवळा बल्ब लावून आधी पत्रा कोमट करणं. (रंग मारताना आणि ओला असताना बल्ब बंद, खिडकी उघडी. थिनर पेटतो, आणि रेक्टर मॅडम त्याहून लवकर पेटतात.)

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून इंजिन पुन्हा केलं. बसलेले रिव्हेट मामांनी आतून परत ठोकले. नंबर मी लिहिणार नव्हतेच. तो त्यांनी लिहिला, चष्मा कपाळावर सरकवून, शेवटचा आकडा किंचित खाली उतरलेला.

तक्ता तपासून पाहायला आम्ही तेच इंजिन घेतलं. सहाव्या मुद्द्यावर माझं पेन थांबलं. मामा म्हणाले, "वाकडं हाय ना? मग कापा की. पण रिव्हेटांचं पुरं द्या."

मी दोन मार्क कापले. रिव्हेटांचे पूर्ण दिले.