गंजलेले पार्ट आणि डेबिट नोट

पुणे

चि. मृणाल,


स्टुटगार्टच्या ग्राहकाने गंजलेल्या पार्टबद्दल डेबिट नोट आणि एट-डी रिपोर्टची मागणी एकाच मेलमध्ये पाठवली. तुझे साहेब म्हणतात, आधी रक्कम कमी करून घे. माझं मत उलटं आहे. रकमेवर पहिल्यांदा तोंड उघडलंस, की गंज आपल्यामुळेच आला हे न बोलता मान्य होतं. उरते ती फक्त घासाघीस.

एट-डी म्हणजे आठ रकाने भरून सुटका करून घेण्याचा फॉर्म, असं चाकणच्या कारखान्यांत पुष्कळांना वाटतं. फोर्डने 1987 मध्ये ही पद्धत मांडली ती एका माणसाने भरायच्या फॉर्मसाठी नव्हे, टीमने मिळून प्रश्न सोडवायला. तुझी खरी बैठक तिसऱ्या पायरीपर्यंतच जिंकली किंवा हरली जाते. दुसरी पायरी, प्रश्नाचं वर्णन, एकटीने लिहू नकोस. त्यांच्या क्वालिटीवाल्याला फोनवर घे आणि दोन रकाने आखा: गंज कुठे आहे, आणि असू शकला असता पण कुठे नाही. विमानाने गेलेल्या मालावर आहे का? कंटेनरच्या वरच्या थरातल्या पेट्यांत जास्त आहे की सगळीकडे सारखा? पावसाळ्यात भरलेल्या लॉटलाच का? ही उत्तरं दोघांनी मिळून लिहिली, की नंतर ती एका बाजूची बाजू राहत नाहीत.

तिसऱ्या पायरीत त्यांच्या गोदामातल्या मालाचं सॉर्टिंग लगेच सुरू कर. मात्र हा तात्पुरता उपाय आहे, जबाबदारीची कबुली नाही, हे त्याच मेलमध्ये लिही.

आता चौथी पायरी, मूळ कारण. ‘ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले’ असं लिहिलंस, तर तिकडे कोणी पुढे वाचणार नाही. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला. तुमची गंजरोधक व्हीसीआय पिशवी किती दिवसांच्या प्रवासाचा हिशेब धरून निवडली होती? सौदा एफओबी न्हावा शेवा आहे. म्हणजे जहाज त्यांनी ठरवलं आणि माल जहाजावर चढल्यावर जोखीम त्यांची. पण प्रवासाला योग्य पॅकिंग करणं आपलं काम. मार्ग बदलल्याचं आपल्याला कोणी, कधी कळवलं, हे जुन्या मेलमधून शोध. या एका उत्तरावर निम्मी रक्कम हलेल.

करारात जर्मन कायदा असेल आणि आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्पष्टपणे वगळलेला नसेल, तर तो लागू होतो, भारत त्यात सामील नसला तरी. माल लवकर तपासून वाजवी मुदतीत तक्रार कळवणं त्यात खरेदीदारावर आहे. तारखा बघून ठेव, पण पहिल्याच बैठकीत बाहेर काढू नकोस. संबंध पुढेही ठेवायचे आहेत.

आणि ग्राहकाची माणसं ‘हे अपुरं आहे’ असं तोंडावर म्हणाली, तर मनाला लावून घेऊ नकोस. ते बहुधा कागदाबद्दल बोलत असतात. आपल्याकडे ‘बघू’ म्हणायची सवय आहे, ती मात्र तिथे टाळ. त्यांना तो होकार वाटतो. जमणार नसेल तर नाही म्हण, आणि कधी जमेल ती तारीख दे.

पैशाचं बोलणं त्यांच्या परचेसवाल्याशी, चौथी पायरी दोघांच्या सहीनं मिटल्यावर. तेव्हाही नुसती सूट मागू नकोस. जादा व्हीसीआयचा खर्च पुढच्या दरात कसा वाटायचा, तेही त्याच टेबलावर ठेव.

दोन रकान्यांचा कच्चा तक्ता झाला की मला पाठव. रात्री उशिरा आला तरी चालेल.

तुझा,
काका