एका सामन्याचा हंगाम

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'हंगाम' हा शब्द आपल्याकडे शेतीचा. पेरणी, कोळपणी, खुरपणी, काढणी ही कामे क्रमाने झाली म्हणजे हंगाम पुरा होतो. नुसती पेरणी करून कोणी राशीची वाट पाहत नाही. खेळालाही असाच हंगाम लागतो. नांदेड-लातूरकडील महाविद्यालयीन फुटबॉल संघाला तो मिळतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम स्पर्धेची रचना पाहू. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तेथून निवडलेले खेळाडू विद्यापीठातर्फे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा 'बाद' पद्धतीने होतात. या पद्धतीचे गणित सोपे आहे. जितके संघ, त्याहून एक सामना कमी. १६ संघ आले तर १५ सामने, आणि त्यांपैकी ८ संघ पहिल्याच फेरीत घरी! म्हणजे निम्म्या संघांचा वर्षाचा हंगाम फार तर ९० मिनिटांत संपतो. आपली बचावफळी कोठे उघडी पडते, हे त्या संघाला त्याच दिवशी समजते; पण ते सुधारून दाखवावयास पुढचा सामनाच नसतो. पुढच्या वर्षी तृतीय वर्षाची मुले निघून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

कोणी म्हणेल, आपल्या भागाला फुटबॉलची परंपराच नाही. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, हे विसरू नये. त्याच हैदराबादच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते. त्यांनी स्थानिक पातळीवर निरनिराळ्या छोट्या स्पर्धा भरविल्या. एकीत फक्त कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा, तर दुसरीत चेंडू घोळवत न नेता लगेच पास द्यावयाचा. रोव्हर्स ही बाद पद्धतीचीच स्पर्धा होती. पण तिथे उतरण्यापूर्वी खेळाडू अशा कितीतरी लढती खेळून तयार झालेला असे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५६ साली मेलबर्नला भारत चौथा आला, आणि १९६२ साली जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळाले. हरलेल्या संघाला पुन्हा खेळण्याची संधी मिळाली, हे या यशामागचे एक कारण होय.

कोल्हापूरचे उदाहरण आणखी जवळचे. तेथे पेठापेठांतील तालमींचे संघ साखळी सामने खेळतात. आज हरलेला संघ पुढच्या सामन्याच्या तयारीला लागतो आणि त्याच्या पाठीराख्यांची गर्दीही पुन्हा मैदानावर येते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

खरे तर ही रीत आपल्याला अनोळखी नाही. ज्या 'लातूर पॅटर्न'चे नाव महाराष्ट्रभर झाले, त्याचे मर्म काय? सराव परीक्षा! एकामागून एक पेपर सोडवावयाचे, चुका काढावयाच्या, पुन्हा पेपर सोडवावयाचा. अभ्यासात हे तत्त्व ज्यांनी इतरांना शिकविले, त्यांच्याच गावात खेळाडूला मात्र सरावाविना एकदम अंतिम परीक्षेस बसवावे, हे नवल आहे.

अडचणी आहेत, नाही असे नाही. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला चिकटते. उन्हाळ्यात तीच दगडासारखी होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागलेल्या लातुरात मैदानाला पाणी मारा, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? सोयाबीनच्या काढणीला निम्मे खेळाडू गावी जातात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील विचारतात, "त्या चेंडूमागं पळून काय मिळतंय?" वर्षातून एकच सामना असेल, तर या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

यावर एक साधी योजना सुचवावीशी वाटते. नांदेडच्या ४ व लातूरच्या ४ महाविद्यालयांनी आपापल्या गावात साखळी खेळावी. प्रत्येकाशी दोनदा गाठ घातल्यास एका गावात १२ सामने होतात आणि प्रत्येक संघाला ६ सामने मिळतात. काढणी आटोपल्यावर, जमीन घट्ट होण्याआधी, सत्र परीक्षा सांभाळून ६ रविवारी रोज दोन सामने घेतले की काम झाले. प्रवासखर्च जवळजवळ नाही. शेवटी दोन्ही गावांच्या विजेत्यांनी एकमेकांशी खेळावे. तेवढा एकच एस. टी.चा प्रवास. मुलींचा संघ असेल तर मार्च २०२३ पासून त्यांना एस. टी.त निम्मेच भाडे आहे. पंच, चुना आणि दोन चेंडू यांपलीकडे यास मोठा खर्च नाही.

सगळेच खेळाडू विद्यापीठाच्या संघात जाणार नाहीत, हे उघड आहे. परंतु रविवारी हरून सोमवारी पुन्हा मैदानावर येणे, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. आपल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मित्रांनी या योजनेचा अवश्य विचार करावा. ती या वर्षी एका गावातच सुरू झाली, तरी २४ ऐवजी १२ सामने होतील. आणि ४ संघांना प्रथमच पुरा हंगाम लाभेल.