आईचे इओसिनोफिल्स

१. नुसता टक्का बघून घाबरायचं नसतं. आई रत्नागिरीहून अमेरिकेत एडिसनला आमच्याकडे राहायला आली आणि दमा बळावला, म्हणून रक्त तपासलं. इओसिनोफिल्स, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, १२ टक्के, पुढे लाल अक्षरात ‘हाय’. डॉक्टरांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं: एका मायक्रोलिटरमध्ये ९००. साधारण ५०० पर्यंत ठीक. १,५०० च्या वर सतत राहिले, तर हृदयाला, फुप्फुसांना, नसांना इजा होऊ शकते. आई मधल्या पट्ट्यात होती.

२. गोळीच्या आधी प्रश्न हवेत. आपल्याकडे ‘इस्नोफिलिया’ म्हटलं की हेट्राझान, हे मी लहानपणापासून ऐकत आले. हत्तीरोगाच्या जंतांमुळे येणाऱ्या रात्रीच्या खोकल्यावर ते गुणकारी आहेच. पण इथल्या डॉक्टरांनी वेगळंच विचारलं, “तुम्ही मातीत अनवाणी चालायचात का?” मी मराठीत सांगितल्यावर आई म्हणाली, “अगो, वाडीत शिंपणं काय चपला घालून करतात?” त्या उत्तरावरून स्ट्राँगिलॉइडिसची तपासणी झाली. या बारीक जंताची अळी पायाच्या कातडीतून शिरते आणि आतल्या आत पुन्हापुन्हा संसर्ग करत कित्येक दशकं टिकते. दम्यासाठी आईला प्रेड्निसोन हे स्टेरॉइड द्यायचं चाललं होतं. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की हे जंत अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं, आणि नेमके तेव्हा इओसिनोफिल्स वाढलेले दिसतीलच असं नाही. २०२० मध्ये कोविडसाठी डेक्सामेथासोन देऊ लागले, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी स्थलांतरितांबाबत हाच इशारा दिला होता. आईची चाचणी पॉझिटिव्ह आली. आयव्हरमेक्टिन दिलं, आणि आकडा हळूहळू उतरला.

३. रक्त कधी काढलं, हेही महत्त्वाचं. शरीरातलं कॉर्टिसॉल सकाळी चढतं, तेव्हा या पेशी कमी दिसतात, रात्री वाढतात. स्टेरॉइड घेतलं की काही तासांतच घसरतात. बॉस्टनच्या जॉर्ज थॉर्न यांनी १९४८ मध्ये या घसरणीवरूनच कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींची चाचणी बसवली होती. आईच्या प्रत्येक रिपोर्टावर मी आता वेळ आणि चालू औषधं लिहून ठेवते.

४. पिशवीतलं सगळं डॉक्टरांना दाखवावं. १९८९ मध्ये न्यू मेक्सिकोत असह्य स्नायुदुखी आणि भरमसाट इओसिनोफिल्स असलेल्या तीन स्त्रिया डॉक्टरांकडे आल्या. तिघीही एल-ट्रिप्टोफॅन घेत होत्या, झोपेसाठी वगैरे दुकानात सहज मिळणारं. पुढे देशभरात दीड हजारांवर रुग्ण सापडले, कित्येक दगावले, आणि माग एका जपानी उत्पादकाच्या मालापर्यंत गेला. हे वाचल्यावर आईची चूर्णं आणि काढ्याच्या पुड्या मी पुढच्या भेटीला सोबत नेल्या.

५. या पेशींचा मला आता राग येत नाही. जंतांशी झुंजणाऱ्या त्याच, दम्यात श्वासनलिका सुजवणाऱ्याही त्याच. २०१५ पासून मेपोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं त्यांना आवरतात. आईला या इंजेक्शनांची गरज पडली नाही. गावी मावशीलाही दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्यात, हे कळल्याबरोबर आईने फोन लावला आणि डॉक्टरांना मातीचं आधी सांग म्हणून बजावलं.