संकेतस्थळाचे स्थलांतर आणि मात्राशुद्धी

संकेतस्थळावरील जुने लेख नव्या आशय-व्यवस्थापन प्रणालीत नेताना नुसती नक्कल पुरत नाही. युनिकोडपूर्व फाँटमधील मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो. आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असतात. परिवर्तकाने रूपांतर करावे, पण त्यावर विसंबू नये. अशा फाँटमध्ये बहुधा रफार अक्षरानंतर व ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठविलेली असते. युनिकोडमध्ये क्रम उलट. म्हणून ‘सर्पगंधा’, ‘पिप्पली’ असे शब्दच प्रथम बिघडतात.

कोष्टकांची चिंता याहून मोठी. प्रचलित मानाने गुंजा १२५ मिलिग्रॅम, कर्ष १२ ग्रॅम. स्तंभ सरकून गुंजेच्या जागी कर्ष आला, तर मात्रा ९६ पट होते! ही कोष्टके वैद्यानेच मूळ ग्रंथाशी ताडावीत. जुने पत्ते नव्या पृष्ठांकडे वळविण्याचे काम संगणकतज्ज्ञाकडे खुशाल सोपवावे.