रीड्स तशाच, पेटी निराळी

संगीत नाटकाची घंटा होण्याआधी ऑर्गनचा जो भरदार सूर नाट्यगृहात पसरतो, त्याच्या ओढीने मी ही पेटी घरात आणली. तो रंगमंचावरचा ऑर्गन पायाने भाता मारून वाजवायचा. माझा विजेवर चालतो, पण सूर दोन्हींत पितळी रीड्सचाच. लहानपणी मामा हार्मोनियम जुळवायचे तेव्हा मी शेजारी बसलेलो असे. सूर चढवायचा तर रीड टोकाशी घासायची आणि उतरवायचा तर मुळाशी, हे मला शाळेत असतानाच ठाऊक होतं. ते ज्ञान इथे पुरेल असं मी धरून चाललो आणि तिथेच चुकलो.

मी मिशिगनमध्ये राहतो. या वाद्याची सुरुवात याच राज्यातली. सरोवराकाठच्या साउथ हेवन गावात एव्हरेट नावाचा पियानोचा कारखाना होता. फ्रेडरिक हॉश्के यांच्या कल्पनेवरून त्या कारखान्याने 1930 च्या दशकात ‘ऑर्गाट्रॉन’ काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर ती विद्या वुर्लिट्झर कंपनीकडे गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडा इथे असे ऑर्गन पुढे बरीच वर्षं बनत राहिले. माझा 1950 च्या दशकातला, दोन हातपट्ट्यांचा आणि खाली पायपट्ट्या असलेला. एका छोट्या चर्चला तो नको झाला होता. घेऊन जा, एवढीच अट होती. चार माणसं आणि एक ट्रेलर लागला.

त्याच संध्याकाळी मी प्लग लावला. ही माझी पहिली चूक, आणि सगळ्यांत महागात पडलेली. वीस मिनिटं स्वर्ग होता. मग सुराखाली एक गुणगुण सुरू झाली, ती वाढत गेली, मेण वितळल्यासारखा वास आला आणि मागच्या जाळीतून धूर निघाला. ट्रान्सफॉर्मर जळला होता. आपल्याकडचे जुने रेडिओ दुरुस्त करणारे ज्यांना कंडेन्सर म्हणत, ते इतक्या वर्षांत आतून सुकतात, गळू लागतात. त्यांतला एक शॉर्ट झाला की सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. तसा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या मोडक्या ऑर्गनमधून मिळेपर्यंत मला थांबावं लागलं.

म्हणून सांगतो, वर्षानुवर्षं बंद असलेली अशी पेटी घरी आली की प्लगला हात लावू नका. व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस आधी शोधा. त्याच्याकडून जुने कंडेन्सर बदलून घ्या. हवेची मोटर वेगळी काढून ठेवून फक्त अँप्लिफायर आधी सिरीज बल्बवर तपासायला सांगा. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. स्वतः उघडायचा मोह झालाच, तर एवढं ध्यानात असू द्या की प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका भार उरलेला असू शकतो.

दुसरी चूक माझ्या हार्मोनियमच्या ज्ञानाने करवली. दुरुस्तीनंतर मधल्या सप्तकातले चारपाच सूर दबलेले वाटत होते. रीड्सची पेटी उघडली. प्रत्येक रीडसमोर बारीक स्क्रू होते, एकेका रीडला एकापेक्षा जास्त. मी त्या सुरांचे स्क्रू थोडे आत फिरवले. आवाज लगेच उठला, म्हणून उरलेल्यांवरही हात चालवला. दोन दिवसांनी दमट रात्री वाजवायला बसलो तर कडकड आवाज येऊन तीन सूर गप्प झाले.

हे स्क्रू काय करतात ते मला त्यानंतर कळलं. रीड हवेने हलते, पण तिचा आवाज आपण ऐकतच नाही. तो बाहेर येऊ नये म्हणूनच ती बंदिस्त पेटीत ठेवलेली असते. रीड आणि स्क्रू मिळून एक चिमुकला कंडेन्सर होतो. त्या दोघांमध्ये काही शे व्होल्टचा दाब असतो. रीड स्क्रूजवळ येते, लांब जाते, तसा त्या कंडेन्सरमधला फरक विजेत उमटतो आणि तोच अँप्लिफायर मोठा करतो. टोकाजवळचा स्क्रू रीडचं जे हलणं टिपतो ते मुळाजवळच्या स्क्रूला मिळत नाही, म्हणून एकाच रीडमधून वेगवेगळे नाद निघतात. म्हणजे सूर रीडमध्ये आहे, पण त्याचा रंग आणि जोर त्या फटीत आहे. कारखान्यात कुणीतरी कान लावून एकेक फट बसवली होती, आणि मी ती पेचकसाने एका दुपारी पुसून टाकली. ती परत बसवायला मला अख्खा हिवाळा लागला, आणि काही सूर अजूनही आधीसारखे नाहीत. त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा दबलेला सूर दिसला की आधी धूळ बघा. फटीत अडकलेला एखादा केस किंवा तंतू पुरेसा असतो. वीज पूर्ण बंद आणि भार उतरवलेला असताना मऊ, कोरड्या ब्रशने तो अलगद काढा. ओलं फडकं, तेल, फवारा, काहीही नको. स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी प्रत्येकाचा जवळून फोटो काढा आणि खाचेची दिशा कागदावर टिपा. रीड घासून सूर चढवणं-उतरवणं इथेही जमतं, पण ते सर्वांत शेवटी.

दमट हवा या वाद्याची शत्रू. फटीतली वीज इतकी नाजूक असते की ओलाव्यातून ती झिरपून जाते, मग सूर मंद होतात किंवा कडकडतात. मी उन्हाळ्यात खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र लावतो. हिवाळ्यात घरातल्या हीटरने उलट फार कोरडं होतं, चामडं आणि लाकूड दोन्ही आकसतात, म्हणून पेटी हीटरपासून लांबच्या भिंतीला आहे.

पुण्याच्या एका मित्राने विचारलं, निवृत्त होऊन परतताना हा ऑर्गन घेऊन येशील का? 230 चे 120 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो, पण तो 50 चे 60 हर्ट्झ करत नाही. भात्याची मोटर साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरेल, जास्त तापेल आणि हवेचा दाब तिसऱ्या हिश्शाच्या आसपासने कमी होईल. त्यात पावसाळ्याचे चार महिने. ज्याला न्यायचाच आहे त्याने मोटरची सोय आधी करावी. मी माझा इथेच एखाद्या जाणत्या हाती सोपवीन.

आता रात्री जेवणं झाली की मी मुख्य बटण दाबतो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागतं. माझ्या पेटीत रीड्स सतत हलत असतात, पट्टी दाबली की फक्त वीज जोडली जाते. म्हणून त्या अर्ध्या मिनिटात लाकडाला कान लावला तर आत सगळे सूर एकदम घुमताना पुसटसे ऐकू येतात. मग काळी एकचा षड्ज धरतो. गंधार हार्मोनियमसारखाच किंचित चढा लागतो, भीमपलासाचा कोमल गंधार तर हवा तसा मिळतच नाही. तरी खालच्या पट्टीवर षड्ज-पंचम भरून ठेवला आणि वरच्या पट्टीवर नाट्यपदाचा मुखडा घेतला की आजोळच्या माजघरात बसलेले मामा दिसतात, आणि बायको स्वयंपाकघरातला दिवा मालवून शेजारच्या खुर्चीत येऊन बसते.