भिंतीवरची पाटी आणि गिरगावची गच्ची: धंद्याची 'संस्कृती' कशी ओळखायची?

ट्रेनिंगमध्ये हमखास येणारा प्रश्न: "सर, आमच्याकडे पाच-सहा माणसं. कल्चर वगैरे मोठ्या कंपन्यांचं असतं ना?" उत्तराची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी दादरमधल्या एका फराळाच्या दुकानाला मी 'आमची मूल्ये' अशी छान फ्रेम करून दिली. पहिलं मूल्य होतं दर्जा. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी वाढल्या आणि मालकांनी माझ्यासमोरच आचाऱ्याला सांगितलं, "हेच तेल अजून दोन दिवस चालव." सगळ्या कामगारांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून फ्रेम फक्त शोभेची राहिली. कामाची पद्धत न बघता पाटी लिहून दिली, ही चूक माझी.

संस्कृतीचे तीन थर

एडगर शाइन या अमेरिकन अभ्यासकाने संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले.

१. जे डोळ्यांना दिसतं: जागा, कपडे, बोलण्याची रीत.
२. जे आपण तोंडाने सांगतो: नियम, मूल्ये, घोषणा.
३. जे सगळे न बोलता गृहीत धरतात: "इथे असंच चालतं."

खरा कारभार तिसऱ्या थरावर चालतो. तेलाचं ते वाक्य थेट तिथे जाऊन बसलं.

आता गिरगावात चला

१५ मार्च १९५९. लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हीच पुढची 'लिज्जत'. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

त्यांच्याकडे तीन थर कसे दिसतात बघा.

*दिसणारं:* सभासद एकमेकींना 'बहीण' म्हणतात. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड परत द्यायचे, लाटणावळ घ्यायची आणि नवीन पीठ न्यायचं.

*सांगितलेलं:* देणगी घ्यायची नाही. ही संस्था म्हणजे धंदा, धर्मादाय नव्हे.

*गृहीत धरलेलं:* इथे कोणी नोकर नाही, प्रत्येक बहीण मालक. हे नुसतं बोलणं नाही, कारण नफ्यात आणि तोट्यात तिचा वाटा असतो.

आता कसोटीचा क्षण. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलका माल स्वस्तात विकता यावा म्हणून. मार्गदर्शक छगनबाप्पांनी सल्ला दिला की एकच चांगली प्रत ठेवा, दर्जात तडजोड नको आणि हिशेब चोख ठेवा. बायकांनी ते मानलं. स्वस्त मालाचं गिऱ्हाईक सोडलं, तेव्हा 'दर्जा' हा शब्द खरा झाला.

पहिल्याच वर्षी पावसाने गाठलं. पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, काम चालू! जिथे काम आपलं वाटतं, तिथे उपाय असे सुचतात.

तुमच्यासाठी धडा

लिज्जतची नक्कल करू नका. तिथे बहीण मालक आहे, तुमचा कामगार नाही. म्हणून "दुकान आपलं समजून काम करा" असं सांगण्याआधी स्वतःला विचारा: दुकान चांगलं चाललं तर त्याच्या हातात जास्तीचं काय पडतं? काहीच नसेल, तर ते वाक्य त्याला पाटीसारखंच वाटणार.

या आठवड्याचा गृहपाठ

- गेल्या महिन्यात नियम पाळल्यामुळे पैसे गेले, असा एक प्रसंग लिहा. आठवत नसेल तर तो नियम पाळला जातोय का, ते तपासा.
- सर्वांत नव्या कामगाराला विचारा, "इथे काय केलं की मालक चिडतात?" उत्तर ऐका, वाद घालू नका.
- मालाची एक 'चालवून घेतलेली' गोष्ट निवडा आणि सगळ्यांसमोर बंद करा. नुकसान किती, तेही सांगा.

त्या दुकानाच्या मालकांना मी पुढच्या वर्षी एवढंच म्हटलं, "फ्रेम काढा, तेल बदलण्याची तारीख कढईजवळ लिहा." आता तारीख आचारीच लिहितो. मालक एकदा विसरले, तेव्हा त्यानेच आठवण करून दिली.